‘अलाइनमेंट करून दिली’ म्हणजे निदान झाले का?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दसरा, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी शोरूमच्या आवारात हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते आणि एकेका दिवसात नेहमीच्या कित्येक पट गाड्या ग्राहकांच्या ताब्यात दिल्या जातात. त्यांपैकी काही गाड्या थोड्याच दिवसांत सर्व्हिस सेंटरला परत येतात. कुणाची गाडी डावीकडे ओढते, कुणाचे स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही तिरके राहते, तर कुणाचे वळणानंतर आपणहून सरळ होत नाही. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी ग्राहकाच्या हाती पडणारे उत्तर बहुधा एकच असते : ‘व्हील अलाइनमेंट करून दिली आहे’, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवून दिले आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकविण्यात माझी नोकरी गेली, म्हणून या उत्तराविषयी चार शब्द लिहिण्याची परवानगी घेतो. दोष कशात आहे ते शोधण्याआधीच केलेल्या अलाइनमेंटमुळे ग्राहकाचे समाधान तर होत नाहीच, पण खरा दोष कागदावर येण्याची वाटही त्यामुळे बंद होते, असे माझे म्हणणे आहे.

‘गाडी ओढते’ एवढ्या एका वाक्यात लोक निदान चार-पाच निरनिराळ्या गोष्टी सांगत असतात. स्टिअरिंगवरचा हात सैल केला की गाडी हळूहळू एका कडेला जाऊ लागते, ही एक. गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंगचा आडवा दांडा घड्याळातल्या पावणेतीनच्या काट्यांप्रमाणे समतल न राहता एका बाजूला कललेला राहतो, ही दुसरी. उजवीकडे वळल्यानंतर काही वेळ उजवीकडे आणि डावीकडे वळल्यानंतर डावीकडे ओढ राहते, ही तिसरी. फक्त ब्रेक दाबल्यावर किंवा फक्त जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर ओढ जाणवते, ही चौथी. ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग हातात थरथरते, ही तर वेगळीच गोष्ट आहे आणि तिचा संबंध बहुतेक वेळा चाकांच्या बॅलन्सिंगशी, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे असण्याशी, असतो. या प्रत्येक लक्षणाचे मूळ गाडीच्या वेगळ्या भागात असते. तरीही जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदपत्रावर, तक्रार लिहून घेणारा सर्व्हिस ॲडव्हायझर लिहितो ते ‘अलाइनमेंट चेक’ एवढेच. ग्राहकाने सांगितलेले लक्षण तेथेच पुसले जाते आणि आत गाडीवर काम करणाऱ्या मुलाला, ही गाडी कशासाठी आली आहे, हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

यानंतर पुढे केले जाणारे कारण असते रस्त्याच्या उताराचे. हे कारण खोटे नाही, आणि म्हणूनच ते जास्त त्रासदायक ठरते. पावसाचे पाणी वाहून जावे यासाठी डांबरी रस्त्याला साधारण दोन ते अडीच टक्के आडवा उतार देतात; आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे निर्दोष गाडीही हात सैल केल्यावर सावकाश डावीकडे सरकते. ग्राहक यावर म्हणतो, की मी जातानाही पाहिले आणि येतानाही पाहिले, गाडी दोन्ही वेळा डावीकडेच गेली. परंतु दुभाजक असलेल्या महामार्गावर या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही, कारण तेथे वळणे सोडली तर जाणारी व येणारी अशा दोन्ही बाजू बहुतेक ठिकाणी दुभाजकाकडून आपापल्या डाव्या कडेकडे उतरत्या असतात. खरी परीक्षा घ्यायची तर औद्योगिक वसाहतीतला सुट्टीच्या दिवशीचा मोकळा रस्ता किंवा एखादे मोठे सपाट आवार गाठावे, एकाच पट्ट्यावरून दोन्ही दिशांनी बेताच्या वेगात गाडी चालवावी आणि बोटे स्टिअरिंगला टेकलेली ठेवूनच ओढ पाहावी. दोन्ही दिशांना ओढ गाडीच्या एकाच बाजूला राहिली, तर दोष गाडीत आहे. दिशेबरोबर ती बदलली, तर रस्त्याचा उतारच कारणीभूत आहे. ही चाचणी ॲडव्हायझरला शेजारी बसवून करता येते, किंबहुना तशीच करावी. पण ‘काका, रस्त्याचा उतार आहे’ हे वाक्य सहसा काउंटरच्या पलीकडून, गाडीत न बसताच, सांगितले जाते.

माझ्या पुतणीने पाडव्याच्या मुहूर्तावर एक लहान हॅचबॅक घेतली आणि ती डावीकडे स्पष्टपणे ओढत होती. शोरूमने अलाइनमेंट करून दिली, ओढ राहिलीच. पुन्हा करून दिली, तरी राहिलीच. ‘नवी गाडी आहे, हजार किलोमीटर पळू द्या, सेट होईल’ असेही तिला सांगण्यात आले. एखादा वाकडा किंवा सदोष भाग हजार किलोमीटर पळून सरळ झाल्याचे मी तरी कधी पाहिलेले नाही. ती गाडी माझ्या अंगणात आली तेव्हा पाना हातात घेण्याआधी मी हवा मोजली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, दार उघडल्यावर दिसेल असे, हवेच्या दाबाचे स्टिकर असते. चारही चाकांत हवा त्या आकड्याहून बरीच जास्त होती आणि पुढच्या दोन चाकांत ती सारखीही नव्हती. कारखान्यातून निघालेल्या आणि यार्डात बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत टायर एका जागी चपटू नयेत म्हणून हवा जास्त ठेवण्याची पद्धत आहे. डिलिव्हरीपूर्वीच्या तपासणीत, म्हणजे ज्याला शोरूमवाले पीडीआय म्हणतात त्यात, ती स्टिकरप्रमाणे उतरवून घेणे अपेक्षित असते. मुहूर्ताच्या गर्दीत नेमके हेच राहून जाते. ज्या बाजूला हवा कमी त्या बाजूला गाडी ओढते, हे सायकलवाल्यालाही ठाऊक असते, पण या गाडीत हवा सारखी केल्यावरही ओढ पूर्ण गेली नाही.

मग पुढची दोन्ही चाके काढून डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावले. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर असे करू नये, तेथे त्याच बाजूचे मागचे चाक पुढे घेऊन पाहावे.) आता गाडी उजवीकडे ओढू लागली. जॅक, चाकाचा पाना आणि अर्धा तास यापलीकडे काहीही न लागणाऱ्या या चाचणीने दोष टायरमध्ये आहे हे ठरले, आणि तोपर्यंत झालेल्या अलाइनमेंटचा या तक्रारीशी संबंध नव्हता हेही ठरले. रेडियल टायरमधील पोलादी पट्टे कारखान्यात मध्यापासून किंचित सरकून बसले, तर टायर दिसायला गोल दिसला तरी भाराखाली तो बारीकसा शंकूसारखा वागतो. शेंगदाण्याची कागदी पुडी जमिनीवर आडवी ठेवून ढकलली तर ती सरळ न जाता टोकाकडे वळत जाते, तसे ते चाक गाडीला सतत एका बाजूला नेत राहते. असा टायर बाहेरून पाहून ओळखता येत नाही. फुगा नाही, चीर नाही, झीज नाही. तो ओळखण्याचा वर्कशॉपमधला मार्ग म्हणजे चाकांची अदलाबदल, आणि दोन्ही वेळा नेमकी तीच कुणी केलेली नव्हती.

यानंतर पुतणीला जो अनुभव आला तोही सांगण्यासारखा आहे. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी मोटार कंपनीकडे नसून त्या त्या उत्पादकाकडे असते, असे शोरूमने तिला सांगितले, आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत तसे लिहिलेलेही असते. टायर कंपनीच्या माणसाने गेज लावून नक्षीची खोली मोजली, टायरवरून हात फिरवला आणि बाह्य दोष आढळत नाही असा शेरा दिला. शोरूम म्हणते टायरवाल्याकडे जा, टायरवाला म्हणतो गाडीची अलाइनमेंट तपासा, आणि ग्राहक मधल्या मध्ये. ज्या बिलावर पैसे घेतले त्यावर टायरची वेगळी ओळ नव्हती. एकच गाडी विकली गेली होती आणि ती चार चाकांसह विकली गेली होती. वॉरंटीचा दावा शोरूमने टायर कंपनीकडे स्वतः चालवावा, ग्राहकाला दारोदार पाठवू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. चाके बदलल्यावर ओढीची दिशा बदलली हे जॉब कार्डवर लिहून घेतले, त्याची प्रत जोडून लेखी तक्रार दिली, तेव्हा कुठे टायर बदलून मिळाला.

प्रत्येक गाडीत टायरच दोषी असतो, असे अर्थातच नाही. चाकांची अदलाबदल करूनही ओढ त्याच बाजूला राहिली, तर अलाइनमेंटचा कागद वाचण्याची वेळ येते. आणि तो वाचायचा तर दुरुस्तीपूर्वीची आणि नंतरची अशी दोन्ही मापे त्यावर हवीत. बऱ्याच ठिकाणी ग्राहकाला फक्त नंतरची, सगळे आकडे हिरव्या रंगात आलेली प्रत मिळते किंवा तीही मिळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचे टो (वरून पाहिल्यास चाके पुढच्या बाजूला किती आत वा बाहेर वळलेली आहेत ते) हे एकच माप टाय रॉड, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा, फिरवून बदलता येते. टो चुकले तर टायर लवकर झिजतात आणि स्टिअरिंग तिरके दिसते, पण गाडी एका बाजूला ओढण्याचे ते सहसा कारण नसते, कारण गाडी पळू लागली की दोन्ही पुढची चाके आपसांत टो वाटून घेतात. ओढ निर्माण होते ती कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत वा बाहेर असलेला कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा बाजूने पाहता पुढे-मागे असलेला कल) यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाने. ज्या चाकाचा माथा दुसऱ्याच्या मानाने बाहेर झुकलेला असतो त्या बाजूला, किंवा ज्या बाजूचा कॅस्टर कमी असतो त्या बाजूला, गाडी जाते. दोन बाजूंच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून, म्हणजे ३० मिनिटांहून, अधिक फरक दिसला तर थांबून विचार करावा. या गाड्यांत कॅम्बर आणि कॅस्टर बदलण्याची सोयच बहुधा नसते; म्हणून ते चुकलेले दिसले याचा अर्थ काहीतरी वाकले आहे, सरकले आहे किंवा जुळणीतच तिरके बसले आहे, असा होतो. नव्या गाडीत ते ट्रेलरवर चढवता-उतरवताना झालेले असू शकते किंवा यार्डातल्या एखाद्या धक्क्याने. अशा गाडीची ‘अलाइनमेंट करून देणे’ म्हणजे दोन्ही टाय रॉड फिरवून स्टिअरिंगचा दांडा दिसायला सरळ आणणे, एवढेच. काही ठिकाणी तर ओढ ज्या बाजूला आहे तेथील चाकात दोन-तीन पॉइंट हवा जास्त भरून तक्रार गप्प केली जाते. ग्राहक पुढे पंपावर जाऊन चारही चाकांत सारखी हवा भरतो आणि ओढ परत येते.

वळणानंतर स्टिअरिंग आपणहून मध्यावर न येणे, या लक्षणाकडे मी जास्त गांभीर्याने पाहतो, कारण घाटात वळणामागून वळण येत असताना ते चालकाला फार थकवते. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पुढच्या शॉकॲब्झॉर्बरच्या माथ्यावरील बेअरिंग अडकणे. गाडी उभी असताना एकाने स्टिअरिंग सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने चाकामागच्या स्प्रिंगला, बोटे वेटोळ्यांच्या मध्ये न घालता, बाहेरून हात लावावा. बेअरिंग ठीक असेल तर स्प्रिंग सलग फिरते. अडकत असेल तर ती ताण घेत थांबते आणि मग ‘टण्’ आवाज करीत एकदम झटका मारते, तो हाताला स्पष्ट कळतो. दुसरे कारण स्टिअरिंगच्या खांबाखालील सांधा कोरडा किंवा घट्ट असण्याचे. तिसरे आजकालच्या इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचे. यात चालक किती जोर लावतो आहे हे एक टॉर्क सेन्सर मोजतो आणि त्यानुसार मोटर मदत करते. या सेन्सरचा शून्यबिंदू सरकला, तर चालकाने जोर लावलेला नसतानाही मोटर एका बाजूला मदत करू लागते. गाडीचे पुढचे भाग नीट आधार देऊन उचलले, इंजिन चालू केले आणि कुणीही हात न लावता स्टिअरिंग आपोआप फिरू लागले, तर दोष येथेच शोधावा. ही तपासणी मात्र घरच्या जॅकवर मुळीच करू नये, ती वर्कशॉपच्या लिफ्टवर, त्यांच्याच माणसाने करावी. सेन्सरचा शून्यबिंदू स्कॅनर जोडून पुन्हा ठरवता येतो. काही किलोमीटर चालल्यानंतरच ओढ वाढत असेल आणि एका चाकाची ब्रेकची तबकडी दुसऱ्यापेक्षा जास्त तापत असेल, तर ब्रेक चिकटतो आहे, हेही याच संदर्भात तपासावे.

एवढ्या तांत्रिक तपशिलात शिरण्याचे कारण असे, की नव्या खाजगी मोटारीकडे विक्रेत्याशिवाय त्रयस्थ डोळ्यांनी पाहणारे आता कुणीच उरलेले नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानुसार अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले नवे वाहन पहिल्या नोंदणीसाठी परिवहन अधिकाऱ्यासमोर उभे करावे लागत नाही. हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले. परंतु खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तिची यांत्रिक तपासणी त्यानंतरच्या नूतनीकरणाच्या वेळी येते. म्हणजे डिलिव्हरीपूर्वीची शोरूमची तपासणी हीच पहिली आणि दीर्घकाळपर्यंत शेवटची. ती मुहूर्ताच्या धावपळीत उरकली जात असेल, तर त्यावर प्रश्न विचारणारी व्यवस्था नाही.

त्याच सुधारणा कायद्यातील ११०अ या कलमाने सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना ते लागू आहेत आणि एकाच दोषाच्या ठरावीक संख्येने तक्रारी आल्यावर ती प्रक्रिया सुरू होते. स्टिअरिंगचे दोष या दृष्टीने किरकोळ नाहीत. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने स्टिअरिंगच्या टाय रॉडमध्ये दोष असण्याच्या शक्यतेवरून एस-प्रेसो आणि ईको या दोन मॉडेलच्या मिळून ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी स्वतःहून परत बोलावल्या. त्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कंपनीने स्टिअरिंग गिअर बॉक्सच्या कारणावरून ऑल्टो के-१० च्या २,५५५ गाड्या बोलावल्या. कंपनीने स्वतः पुढाकार घेतला, हे योग्यच केले. माझा प्रश्न असा आहे, की एखाद्या मॉडेलच्या अनेक गाड्यांत शॉकॲब्झॉर्बरवरील बेअरिंग अडकत असेल आणि गावोगावच्या सर्व्हिस सेंटरांतील सर्व जॉब कार्डांवर ‘अलाइनमेंट केली’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती संख्या कुणाच्या नजरेस येणार कशी? जॉब कार्डवरचे मोघम शब्द एका ग्राहकापुरते राहत नाहीत, ते अशा प्रकारे पुढच्या सगळ्या गाड्यांपर्यंत जातात.

ज्यांना दाद मागायची आहे त्यांच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पुरेसा आहे. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला देऊन घेतलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे, आणि तीही स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यात, करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, पाच ते दहा लाखांच्या दरम्यानच्या गाडीला ते २०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ असे ऐकत राहिल्यास ती सहज निघून जाते. दोष डोळ्यांनी दिसणारा नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागवू शकतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मात्र यांपैकी कोणत्याही ठिकाणी पहिला प्रश्न विचारला जातो तो कागदांचा, आणि तेथे ग्राहकाच्या हातात जॉब कार्डाच्या प्रतींशिवाय काहीच नसते. म्हणून ॲडव्हायझर काय लिहितो ते सही करण्यापूर्वी वाचावे, आणि ‘ऐंशीच्या वेगाला सपाट रस्त्यावर दोन्ही दिशांना डावीकडे ओढते’ असे पूर्ण वाक्य लिहून घेतल्याशिवाय चावी देऊ नये.

शोरूमचालकांना आणि त्यांच्या मोटार कंपन्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे की डिलिव्हरीच्या वेळी हार, पेढे आणि चावीची मोठी प्रतिकृती यांच्याबरोबर दोन कागदही द्यावेत : चारही चाकांत मोजलेली हवा आणि टायरच्या कडेवरील निर्मितीचा आठवडा व वर्ष यांची नोंद, आणि त्या गाडीच्या अलाइनमेंटची मापे. टायरवर २३२४ असे चार आकडे असतील तर तो २०२४ च्या २३व्या आठवड्यातला, हे त्या कागदावर लिहायला एक मिनिट लागते. यार्डात किती काळ गाडी उभी होती याचा अंदाजही त्यावरून ग्राहकाला येईल. स्टिअरिंगची तक्रार आल्यास रस्त्यावरची चाचणी, हवा, चाकांची अदलाबदल आणि त्यानंतरच मशीन, असा क्रम जॉब कार्डवर छापून प्रत्येक पायरीपुढे निष्कर्ष लिहिण्यास जागा ठेवावी. परिवहन विभागालाही सुचवावेसे वाटते, की पुण्यात ए.आर.ए.आय. आणि सी.आय.आर.टी. यांसारख्या वाहन तपासणीत मुरलेल्या संस्था असताना, सामान्य ग्राहकाला ठरावीक शुल्क भरून आपल्या नव्या गाडीची त्रयस्थ तपासणी करून घेता येईल अशी सोय निदान विभागीय पातळीवर सुरू करण्याचा विचार व्हावा. तिचा अहवाल मराठीत मिळाला तर उत्तम.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, सातारा